आधी मार्का, मग मेंढ्या

टंबरीच्या पंचक्रोशीत लोकरीच्या धंद्याचा क्रम ठरलेला आहे. आधी जमीन, मग कुंपण, मग मेंढ्या, मग वर्षभर आभाळाकडे बघून शिव्या, मग कातरणी, आणि लोकरीची गाठ दाबून बांधून झाली की सगळ्यात शेवटी तिच्या पोटावर काळ्या शाईने मारायचा तो मार्का. लेस्टर ट्रेंबाथने हा क्रम शेवटाकडून सुरू केला. त्याचा मार्का तयार झाला त्या दिवशी त्याच्याकडे एकही मेंढी नव्हती. कुंपण नव्हतं. कुत्रा होता, पण तो मेंढ्यांना घाबरतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, कुत्र्यालासुद्धा.

लेस्टरला यात काही वावगं वाटलं नाही. एकोणतीस वर्षं तो रस्ते खात्यात पाट्यांच्या विभागात होता. पुढे वळण आहे, वेग कमी करा, माघारी फिरा रस्ता चुकलाय, हे सगळं त्याच्या हातचं. लाखो माणसं त्याचं ऐकून थांबली, वळली, मुकाट्याने माघारी फिरली. पण गाडी बाजूला घेऊन एकानेही कधी विचारलं नाही, की बाबा रे, हे आपल्याला सांगतंय तरी कोण? निवृत्तीच्या चहापानात खात्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याच्यावरही नाव खात्याचंच होतं. ते लेस्टरला लागलं. घरी येईपर्यंत तो बायकोशी एक अक्षर बोलला नाही, आणि डोरीन सांगते की इतका शांत प्रवास तिला त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी घडला नाही.

त्या सलातून वीस एकर जमीन आली. टंबरीबाहेर क्वारी रोडवर. आणि तिथे आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात लेस्टरने फाटकाशी उभं राहून लोकरीच्या गाठींनी भरलेला ट्रक जाताना पाहिला. पांढऱ्या गाठी, आणि प्रत्येकीवर ठळक काळ्या अक्षरांत मालकाच्या शेताचं नाव. पत्र्यात कापलेलं अक्षर ते. जाडजूड, छाती काढून उभं, आणि मधेमधे तुटलेलं. रस्ते खात्यात त्याने आयुष्यभर गुळगुळीत, आज्ञाधारक अक्षरं काढली होती. हे अक्षर कुणाच्या आज्ञेतलं दिसत नव्हतं.

"डोरीन," तो आत येऊन म्हणाला, "आपलं नाव गाठीवर जाणार."

"कसल्या गाठीवर?"

"तो तपशील बघता येईल."

पुढचे चार महिने जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. तिथे अक्षरं होती. ट्रेंबाथ हे आडनाव, एक हात लांब जस्ताचा पत्रा, अक्षराची उंची वीतभर आणि खाली मोकळी जागा पुन्हा वीतभर. या मोकळ्या जागेबद्दल लेस्टर फार हळवा होता. "अक्षराला श्वास घ्यायला अंगण लागतं," असं तो म्हणे. एवढ्या चांगल्या पत्र्याचा अर्धा भाग नुसता अंगण म्हणून सोडलेला पाहून डोरीनला वाईट वाटायचं. तेवढ्यात केकचे दोन साचे झाले असते.

घरी येईल त्याला लेस्टर दोन गोष्टी ऐकवायचा, विचारलं नसलं तरी. पहिली म्हणजे पूल. पत्र्यातून इंग्रजी 'ओ' कापला तर त्याच्या मधला गोळा खाली पडणार. तो पडू नये म्हणून मधे दोन पट्ट्या शाबूत ठेवायच्या, त्यांना म्हणायचं पूल. "अक्षराची सगळी अब्रू पुलात असते," तो बोट वर करून सांगे. दुसरी गोष्ट म्हणजे माणूस अक्षराचा वरचाच अर्धा भाग वाचतो. रस्त्यावर ताशी शंभरने जाणाऱ्यांवर खात्याने प्रयोग केले होते म्हणे. खालचा अर्धा भाग झाकला तरी सगळे बरोबर वाचतात, खालचा भाग अक्षराला नुसतं उभं राहण्यापुरता लागतो.

"मग कापतोस कशाला तो?" डोरीनने विचारलं. "वरचाच काप. निम्म्या वेळात जेवायला येशील."

लेस्टर खालचा अर्धा भाग कापत राहिला.

पत्रा तयार झाल्यावर तो वापरून बघणं भागच होतं. आधी पुठ्ठ्यावर, मग पिंपावर, मग पावाच्या डब्यावर, हातगाडीवर, पाण्याच्या टाकीवर, संडासाच्या दारावर. शाई अव्वल होती, धुऊन जायची नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावर मारताना वारा आला, पत्रा हलला, आणि मागे उन्हात पडलेला कुत्रा उठला तेव्हा त्याच्या बरगड्यांवर ट्रेंबाथमधली पहिली तीन अक्षरं स्वच्छ उमटलेली होती. पोस्टमन दोन महिने त्याला त्याच नावाने हाक मारत होता.

"एक लक्षात ठेव," डोरीन म्हणाली, "माझ्या अंगावर शाईचा थेंब जरी पडला तर मी बहिणीकडे जाईन. आणि मार्का घेऊन जाईन, म्हणजे परत कुठे पाठवायचं ते तिला कळेल."

इथवर हे सगळं घरातल्या घरात होतं. चूक झाली ती कृषी प्रदर्शन मंडळाच्या चहाला. जॅम आणि साय लावलेले स्कोन फिरत होते, पावसाचं बोलणं संपलं होतं, आणि एकदम शांतता पडली. शांतता पडली की लेस्टरला राहवत नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "पुढच्या कातरणीला ट्रेंबाथ मार्क्याची गाठ टंबरीच्या मेन स्ट्रीटवरून जाईल. सगळ्यांनी बघावी."

तिथे बसलेल्यांच्या घराण्यांचे मार्के शंभर-शंभर वर्षांचे होते. कुणी हसलं नाही. एका बाईंनी त्याला आणखी एक स्कोन दिला. पण त्या दिवसापासून टंबरीत लेस्टर कुठेही गेला तरी एकच प्रश्न यायचा. बेकरीत, बँकेत, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंडात पाचही बोटं असताना. "काय लेस्टर, गाठ कुठवर आली?"

आता माघार नव्हती. लेस्टरने मार्का नोंदणीच्या कार्यालयात फोन लावला.

"गेल्या हंगामात किती गाठी?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"निरंक."

"या हंगामात अपेक्षित?"

"एक."

"कळपात मेंढ्या किती?"

एकोणतीस वर्षांची सरकारी नोकरी लेस्टरच्या मदतीला धावून आली. "मेंढ्यांची बाब विचाराधीन आहे," तो म्हणाला.

मग बाई अगदी मायेने म्हणाल्या, "साहेब, मार्का मारणार कशावर?"

तरीही अर्ज आला, भरला, गेला. सोबत मार्क्याचा ठसा जोडायचा होता. लेस्टरने पूर्ण आकाराचा ठसा नळकांड्यात घालून पाठवला, तो फायलीत मावत नाही म्हणून परत आला. घडी घालून पाठवला, तो घडीवर शाई तडकली म्हणून परत आला. तिसऱ्यांदा लेस्टर स्वतः दोन तास गाडी चालवून गेला आणि कार्यालयाच्या खिडकीत अक्षरांच्या उंचीवर व्याख्यान देऊन आला. त्याच आठवड्यात मंजुरी मिळाली. त्याला वाटलं व्याख्यानाचा परिणाम झाला, आणि तसं म्हटलं तर झालाच होता, तो पुन्हा येऊ नये असं सगळ्या कार्यालयाला मनापासून वाटत होतं. मंजुरीपत्राच्या तळाशी एक अट होती. अर्जदाराकडे मेंढ्या असाव्यात.

म्हणून मेंढ्या आल्या. तेवीस मेरिनो, खास लोकरीच्या जातीच्या, अंगावर जवळजवळ वर्षाची लोकर असलेल्या, एका शेत विकून निघालेल्या माणसाकडून. लेस्टरने त्या कुंपणात सोडल्या (कुंपणाची वेगळी कथा आहे, ती डोरीनला विचारू नये) आणि शेजारच्या मिसेस काल्डवेलना बघायला बोलावलं.

मिसेस काल्डवेल चौऱ्याहत्तर वर्षांच्या. ग्लेनोरा हे त्यांचं शेत, सोळाशे मेंढ्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. त्या फाटकाला टेकल्या, तेवीस मेंढ्या मोजायला लागतो तेवढाच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बऱ्या आहेत. गाठ कुठे आहे?"

"याच की. यांची."

"लेस्टर, एका गाठीला चाळीस मेंढ्यांची लोकर लागते. यांची लोकर गाठीच्या कमरेपर्यंत येईल. अर्ध्या गाठीला अडत्या मार्का लावू देत नाही. गोदामात ती फोडतात, दहा जणांची अर्धी-मुर्धी लोकर एकत्र करतात आणि बिननावाने विकतात."

बिननावाने हा शब्द लेस्टरला छातीत लागला. पण हरेल तो लेस्टर कसला. पंधरा दिवसांत त्याने आणखी अठरा मेंढ्या पैदा केल्या, आणि एकाच कुरणात सोडून एक्केचाळीसचा आकडा पूर्ण केला. या अठरा त्याला फार सहज मिळाल्या याचं त्याला जरा नवल वाटलं होतं. दिसायला झोकदार होत्या. तोंडं काळीभोर, पाय काळे. कुत्र्याने त्यांना पाहिलं आणि तो पलंगाखाली जाऊन बसला.

कातरणीच्या आधी गस मॅकिलरॉय बघायला आला. गस हा लोकरीचा पारखी. अख्ख्या पंचक्रोशीची लोकर तो बोटांनी चाचपून प्रतवारी लावतो. त्याच्याकडे स्वतःच्या नंबराचा छोटा पत्रा असतो, पितळी, खिशात कातड्याच्या पाकिटात. मालकाच्या मार्क्याखाली गसने तो नंबर मारला की बाजार त्या गाठीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पत्रा तो कुणाच्या हातात देत नाही. लग्नात अंगठी विसरला होता, पण हा पत्रा खिशात होता, असं त्याची बायकोच सांगते.

गस फाटकाशी आला, आत पाय टाकला आणि तसाच मागे घेतला.

"त्या काळ्या तोंडाच्या कुणाच्या?"

"माझ्याच," लेस्टर अभिमानाने म्हणाला.

"मेरिनोंबरोबर कधीपासून आहेत?"

"पाच आठवडे झाले. छान गट्टी जमली आहे. अंगाला अंग लावून झोपतात."

गसने डोळे मिटले. "लेस्टर, त्या खायच्या मेंढ्या आहेत. त्यांचा काळा केस पांढऱ्या लोकरीत शिरला की तो कुणालाच दिसत नाही. तिकडे परदेशात गिरणीत सूट शिवून होतो, नवरदेव तो घालतो, आणि तेव्हा दिसतो. मग तिथला माणूस गाठीवरचा नंबर वाचतो. नंबर कुणाचा? माझा."

"पण झटकून घेतल्या तर..."

"दोस्ता, तू मला भावासारखा आहेस. तुझ्या लोकरीवर मी माझा नंबर मारणार नाही."

म्हणजे एकूण असं झालं, की लेस्टरकडे मार्का होता, मंजुरी होती, एक्केचाळीस मेंढ्या होत्या, पण त्यातल्या अठरांची लोकर चालणार नव्हती, आणि गाठ होणार होती अर्धीच. शेतीमालाच्या दुकानात सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, गाठीत खालून गवत भर. एक म्हणाला, मार्का छोटा कर. तिसऱ्याने, चहाचा घोट घेऊन, फार विचार करून सांगितलं की पूर्ण गाठ भरेपर्यंत दरवर्षी थोडी थोडी लोकर साठवावी, दोनेक वर्षांत होईल, तोवर धीर धरावा. लेस्टरने सगळ्यांचे आभार मानले आणि एकाचंही ऐकलं नाही. त्याला खात्री होती की काहीतरी होईल. खात्री कशाच्या जोरावर, हे त्याला सांगता आलं नसतं.

कातरणी ग्लेनोराच्या शेडमध्ये होती. लेस्टरकडे शेड नव्हती, म्हणून मिसेस काल्डवेलनी सांगितलं होतं की आमच्या मेंढ्या संपल्या की शेवटी तुझ्या तेवीस कातरून घेऊ. तो शेवटचा दिवस. चार कातरणारे वाकलेले, यंत्रांची घरघर, लाकडी जमिनीवर लोकरीचं तेल चढून ती आरशासारखी झालेली, आणि डोरीन सकाळच्या चहाला तीन प्रकारचे केक घेऊन हजर. ग्लेनोराच्या एक्केचाळीस गाठी भिंतीशी रांगेत उभ्या होत्या. तीन वाजता ट्रक येणार होता. हा ट्रक चुकला तर या लिलावात ग्लेनोराची लोकर नाही, आणि पुढचा लिलाव महिन्यानंतर.

लेस्टर आपला पत्रा घोंगडीत गुंडाळून घेऊन आला.

"बाळाला कशाला आणलंस?" गसने विचारलं.

"असू दे जवळ," लेस्टर म्हणाला.

जेवणानंतर मिसेस काल्डवेलनी खिळ्यावरून ग्लेनोराचा मार्का काढला. सासऱ्यांनी कापलेला पत्रा. गंजून तपकिरी झालेला, कडा शाईने बुजलेल्या. अडत्याने त्यांना दरवर्षी प्लास्टिकचा नवा मार्का देऊ केला होता आणि त्यांनी दरवर्षी नको म्हटलं होतं. पहिली गाठ झाली. दुसऱ्या गाठीवर ब्रश जरा जोरात बसला, बारीक टक् असा आवाज झाला, आणि 'ओ'चा पूल तुटून मधला गोळा जमिनीवर गडगडला. मिसेस काल्डवेल वाकल्या आणि पुन्हा लावता येईल अशा समजुतीने तो गोळा भोकाशी धरून बघू लागल्या. तेवढ्यात हातातला उरलेला पत्राही दुमडून मधोमध फाटला.

शेडमधली यंत्रं एकामागून एक बंद झाली. म्हाताऱ्या बाईंचा चेहरा लेस्टरला बघवेना. सहा वर्षं एकटीने शेत ओढणाऱ्या बाईंना त्याने असं कधी पाहिलं नव्हतं.

"पेनने लिहू या," एक कातरणारा म्हणाला.

"पेनने लिहिलेली गाठ पाहिली की खरेदीदार समजतो घरात काहीतरी बिघडलंय," गस म्हणाला.

"बाजूला व्हा," लेस्टर म्हणाला. "मी कापतो. पुठ्ठा आणा."

केकच्या खोक्याचा पुठ्ठा आला. लेस्टरने बाह्या सारल्या. एकोणतीस वर्षांचा हात तो. सगळे भोवती जमलेले, आणि चाकूचं पातं असं सरसर फिरत होतं की गससुद्धा हं म्हणाला. दहा मिनिटांत ग्लेनोरा तयार. लेस्टरने पुठ्ठा दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. 'ओ'चा गोळा अलगद निसटला आणि त्याच्या बुटावर पडला.

पूल ठेवायचे राहिले होते.

मग डार्सी नावाचा सगळ्यात जुना कातरणारा कमरेवर हात ठेवून वाकला, तो पुठ्ठ्याचा गोळा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि लेस्टरच्या हातात दिला. "साहेब," तो म्हणाला, "तुमची अब्रू पडली होती खाली."

शेड हसून हसून लोळली. लेस्टरचे कान लाल झाले. आयुष्यात त्याने इतका अपमान सहन केला नव्हता, आणि तोही स्वतःच्याच वाक्याने. पण त्याने दुसरा पुठ्ठा घेतला, पूल मोजून ठेवले आणि मुकाट्याने कापला. तिसरी गाठ सुरेख उमटली. चौथीही. सातव्या गाठीला पुठ्ठा शाई पिऊन पोळीसारखा मऊ झाला आणि अक्षरांना मिशा फुटल्या.

"पत्रा लागेल," लेस्टर म्हणाला. "सपाट."

सपाट पत्रा आणायचा कुठून? शेडचा पन्हळी, टाकीचा पन्हळी, टंबरीचं दुकान शनिवारी दुपारी बंद. दोन वाजत आले होते. गस इकडेतिकडे बघत होता. कातरणारे इकडेतिकडे बघत होते. घोंगडीकडे मात्र कुणी बघत नव्हतं, आणि कुणी बघत नाही हेच लेस्टरला जास्त दिसत होतं.

त्याने घोंगडी उलगडली. नावाखाली ते वीतभर अंगण होतं, स्वच्छ, चकचकीत. ग्लेनोरा त्यात बरोबर बसत होतं. पण नुसती ती पट्टी कापली तर पातळ पत्रा लवलवणार, ब्रशखाली धरायला काठ नाही. काठासाठी वर चार बोटं पत्रा हवा होता, म्हणजे मुडपून त्याची मूठ करता आली असती. आणि वरच्या चार बोटांत त्याच्या नावाचे पाय होते. सगळं नाव शाबूत ठेवून मुडपलं तर ती मूठ कसली, दारच झालं असतं. लेस्टरने दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती.

"लेस्टर, नको," डोरीन म्हणाली. ती चहाची किटली हातात धरून तशीच उभी होती. चार महिने टेबल अडवलं म्हणून तिने त्याला काय काय ऐकवलं होतं, पण आता तिचा आवाज वेगळाच आला.

"उजेडातून सर जरा," लेस्टर म्हणाला.

त्याने कात्री लावली आणि ट्रेंबाथ हे नाव कमरेतून आडवं कापलं. वाईट वाटलं का? वाटलं. पत्रा कापताना डोळ्यांत पाणी आलं तर रेष वाकडी जाते, म्हणून आणलं नाही. वरचा अर्धा तुकडा त्याने बाजूला ठेवला, खालच्याची मूठ मुडपली, आणि मग त्या अंगणात तो जे ग्लेनोरा कापू लागला, ते आजही टंबरीत लोक बघायला येतात. जुन्या पत्र्यावरून त्याने सासऱ्यांच्या अक्षराची ढब उचलली, रुंद खांदे, आखूड मान, फक्त पूल भक्कम केले.

छत्तीस गाठी उरल्या होत्या, कारण बिघडलेल्या दोन पुन्हा मारायच्या होत्या. लेस्टरने पत्रा धरला, मिसेस काल्डवेलनी ब्रश मारला. प्रत्येक गाठीखाली गस आपला नंबर मारत मागून येत होता. शेवटच्या गाठीला बाईंनी ब्रश खाली ठेवला आणि शाईने माखलेल्या हाताने लेस्टरचा गाल थोपटला. त्याच्या गालावर पाच काळी बोटं उठली.

"असंच लिहायचे सासरे," त्या म्हणाल्या. एवढंच.

ट्रक आला तेव्हा लेस्टरच्या तेवीस मेंढ्या कातरून झाल्या होत्या. लोकर गोणीत घातली, ती कमरेपर्यंतच आली. मिसेस काल्डवेलचा अंदाज बोटभरही चुकला नव्हता.

"ती पण जाऊ दे गोदामात," लेस्टर म्हणाला. "बिननावाचीच जायची आहे."

"तू जा," बाई म्हणाल्या. "चढवते मी. सकाळपासून धड खाल्लेलं नाहीस. डोरीन, ने याला."

डोरीनने त्याला मेन स्ट्रीटवर बेकरीत नेलं. दोघं हातात मैद्याच्या कवचात मटणाचा रस्सा भरलेली गरम 'पाय' घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. शनिवारी बेकरी उशिरापर्यंत उघडी असते, त्यामुळे निम्मी टंबरी तिथेच होती. येणारा प्रत्येक जण गालावरच्या पाच बोटांकडे बघत होता, मग डोरीनकडे बघत होता, आणि काही न विचारता आत जात होता.

"ट्रक इथूनच जाईल," डोरीन म्हणाली. "बघशील ना?"

"बघणार तर. अक्षरं माझीच आहेत," लेस्टर म्हणाला. "नाव कुणाचं का असेना. सवय आहे मला." आणि त्याने पायचा असा मोठा घास घेतला की पुढे बोलायची सोय राहिली नाही.

ट्रक वळणावरून आला. पांढऱ्या गाठींच्या दोन रांगा, आणि प्रत्येकीवर ग्लेनोरा. बेकरीतले लोक बाहेर आले. बँकेच्या पायरीवर उभा असलेला कुणी म्हणाला, अरे, काल्डवेलांनी मार्का नवा केला वाटतं, काय उठून दिसतोय. लेस्टर उठून उभा राहिला. त्याला अभिमान वाटत होता, तो लपवत नव्हता, पायचा रस्सा त्याच्या मनगटावरून ओघळत होता.

ट्रकच्या अगदी शेवटी, सगळ्या उंच गाठींच्या मागे, दोरीने बांधलेली एक ठेंगणी गाठ होती. अर्धीच. आणि तिच्यावर अर्धीच अक्षरं. कमरेपासून वर, पाय नसलेली, जणू त्या गाठीमागे उभी राहून रस्ता बघत होती. पण काळीभोर, ठळक, वीसएक पावलांवरून वाचता येतील अशी. ट्रेंबाथ. ब्रश जरा जोरातच मारलेला होता, तो हात कुणाचा ते लेस्टरने ओळखलं.

ट्रकमागून गसची गाडी आली. त्याने काच खाली केली. "अर्धी गाठ, अर्धं नाव!" तो ओरडला. "कुणी बोट दाखवायला जागा नाही! माझा नंबर मात्र नाही हं त्याच्यावर!"

"मी सांगितलं होतं," डोरीन म्हणाली. तिने रुमालाने डोळे टिपले आणि तोच रुमाल त्याच्या मनगटाला लावला. "खालचं कापूच नको म्हणून."

शेजारी एक परगावची बाई उभी होती, प्रवासात चहाला थांबलेली. ती डोळ्यांवर हात धरून ट्रकच्या पाठीकडे बघत होती आणि एकेक अक्षर जुळवत होती.

"ट्रेंबाथ," तिने वाचलं. मग बाकाकडे वळून विचारलं, "हे कोण हो?"

लेस्टरने तोंडातला घास घाईघाईने गिळला.

"मी," तो म्हणाला.